तुम्ही विचारलंत म्हणून: सीबीजीबीच्या त्या खोलीत असे काय होते?

न्यू जर्सीत राहत असल्यामुळे आणि रॉक संगीताविषयी बोलण्याची हौस असल्यामुळे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या सीबीजीबी या क्लबबद्दल मला हमखास एक प्रश्न विचारला जातो: एवढ्याशा कळकट खोलीतून रमोन्स, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स हे बँड आणि गायिका पॅटी स्मिथ ही सारी मंडळी एकाच वेळी पुढे आली तरी कशी? योगायोग, असे उत्तर बरेच जण परस्पर देऊन टाकतात. मला ते पटत नाही. माझ्या मते याचे श्रेय मालकाने घातलेल्या एका अटीला आणि त्या रस्त्यावरच्या स्वस्ताईला आहे.

मालक हिली क्रिस्टल स्वतः गायक होते आणि व्हिलेज व्हँगार्ड या नामांकित जॅझ क्लबचे व्यवस्थापनही त्यांनी पूर्वी केले होते. डिसेंबर १९७३ मध्ये ३१५, बावरी या पत्त्यावर त्यांनी हा क्लब उघडला तो कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतासाठी. नावही या संगीतप्रकारांच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवले. परंतु बावरी हा तेव्हा बेघर आणि दारूच्या आहारी गेलेल्या माणसांचा रस्ता होता, क्लबच्या वरच्या मजल्यांवर अशा माणसांना रात्रीपुरती खाट देणारे लॉज होते, आणि कंट्री संगीताचा श्रोता तिकडे फिरकणे कठीणच होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मर्सर आर्ट्स सेंटरची इमारत कोसळली होती, त्यामुळे शहरातल्या नव्या बँडांची हक्काची जागा गेली होती. मार्च १९७४ मध्ये टेलिव्हिजन हा बँड तिथे वाजवू लागला आणि त्याच्यामागोमाग इतर आले.

क्रिस्टल यांची अट अशी होती की, बँडने स्वतः रचलेलीच गाणी वाजवायची. दुसऱ्यांची गाणी वाजवली तर रॉयल्टी भरावी लागते, हा हिशेबही त्यामागे होता असे म्हणतात. असेल, पण परिणाम फार मोठा झाला. लोकप्रिय गाण्यांच्या नकलांवर निभावून नेण्याची वाटच बंद झाली, आणि ज्याला धड वाजवता येत नव्हते त्यालाही स्वतःचे काहीतरी घेऊनच मंचावर उभे राहावे लागले. ऑगस्ट १९७४ मध्ये रमोन्स तिथे पहिल्यांदा वाजवायला आले, तेव्हा श्रोते मोजकेच होते, एकेक गाणे जेमतेम दोन मिनिटांचे होते, आणि मध्येच थांबून ही मुले मंचावरच आपापसांत भांडत होती. क्रिस्टल यांनी तरीही त्यांना पुन्हा बोलावले. अपयशाची अशी मुभा ज्या जागेला परवडते तिथेच नवे काही घडते, आणि बावरीवर ती परवडत होती. १९७५ च्या उन्हाळ्यात त्यांनी रेकॉर्ड न निघालेल्या बँडांचा महोत्सवच भरवला, तेव्हा कुठे वृत्तपत्रे आणि रेकॉर्ड कंपन्या गांभीर्याने पाहू लागल्या.

खोली अरुंद आणि लांबट होती, बार एका बाजूने आत जात असे, मंच पार मागे होता, आणि स्वच्छतागृह इतके कुप्रसिद्ध होते की २०१३ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पंक, म्हणजे या बँडांच्या बंडखोर रॉक संगीताशी जोडलेल्या, फॅशनच्या प्रदर्शनात त्याची प्रतिकृती उभारली. या घाणीचे कौतुक मला खरोखर खटकते, कारण क्रिस्टल यांनी पैसा ओतला होता तो ध्वनियंत्रणेवर, आणि तिथे वाजवणारे वादक आठवण काढतात ती त्या आवाजाची.

मग बंद का पडला? ज्या स्वस्ताईवर क्लब उभा होता ती संपली म्हणून. आसपासचा भाग श्रीमंत होत गेला. इमारतीतल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी, जी क्लबची घरमालक होती, थकीत भाड्यावरून २००५ मध्ये वाद न्यायालयात गेला. थकबाकीच्या मुद्द्यावर निकाल क्रिस्टल यांच्या बाजूने लागला, पण भाडेकराराची मुदत संपली होती आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. १५ ऑक्टोबर २००६ रोजी पॅटी स्मिथ यांनी शेवटचा कार्यक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रिस्टल यांचे निधन झाले. २००८ मध्ये तिथे उंची कपड्यांचे दुकान आले. दुकानवाल्यांनी पोस्टरांनी माखलेल्या जुन्या भिंतीचा काही भाग जपला. जवळच, सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, रमोन्सचा गायक जोई रमोन याच्या नावाची जोई रमोन प्लेस ही पाटी आहे; ती वारंवार चोरीला जाऊ लागल्यामुळे बरीच उंच लावली आहे, तेव्हा तिकडे गेलात तर मान वर करून शोधा.