टोकन आलं, पण माझं कुठाय?

सकाळी रंकाळ्यावर फिरताना कळलं, पोरांच्या क्रिप्टो कंपनीचा एअरड्रॉप, म्हणजे त्यांच्या टोकनांचं (डिजिटल नाण्यांचं) फुकट वाटप, काल झाला. माझ्या वॉलेटमध्ये शून्य.

तीन वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या एका खोलीत बसून यांचा व्हाइटपेपर, म्हणजे प्रकल्पाचा आराखडा, मी तीनदा लिहून दिलेला. चहासुद्धा माझ्याच पैशाचा!

फोन केला, तर म्हणतात, "सर, तुमच्या वॉलेटचं ॲड्रेस स्नॅपशॉटमध्ये नव्हतं." अरे भावा, स्नॅपशॉट, म्हणजे ठरल्या वेळी काढलेली वॉलेटांची यादी, वापरणाऱ्यांसाठी असतो. युनिस्वॅप या क्रिप्टो एक्सचेंजनं २०२० मध्ये जुन्या वापरकर्त्यांना ४००-४०० टोकन दिली, ती तशी. माझ्यासारख्या सल्लागाराचा वाटा करारात ठरतो आणि व्हेस्टिंगप्रमाणं, म्हणजे ठरलेल्या मुदतीनं, हळूहळू सुटतो.

आता करार म्हणजे काय, तर व्हॉट्सॲपवरची एक ओळ: "अर्धा टक्का तुमचा, सर." कशाचा अर्धा? एकूण टोकनांचा की वाटलेल्यांचा? मीही विचारलं नाही. शहाणाच की मी.

दुपारी वकील मित्र म्हणाला, "चॅट डिलीट करू नकोस, फोन बदलू नकोस." वर हसून, "मिळालंच, तर विकताना नफ्यावर ३० टक्के कर हाय बरं का."

आत्ता एकाचा मेसेज आलाय: "सर, रविवारी येताय काय? बोलूया." निळी टिक गेलीय. उत्तर अजून दिलं नाही.