तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ इंजिन का काढलं?

बॉनेट उघडलं की दोन मिनिटांत प्रश्न येतोच, "मूळ इंजिन का काढलंत?" पार्ल्यात येतो, रॅलीत येतो, मावसबहिणीच्या लग्नात तर हॉलच्या पार्किंगमध्ये आला. बाबांची 1958 ची मॉरिस मायनर ज्यांनी पाहिलीय ते विचारतात आणि मग जरा थांबतात, जणू मी घरातली समई मोडीत घातलीय.

माझं ठरलेलं उत्तर आहे. मूळ इंजिन 948 सीसीचं, 37 अश्वशक्ती. हायवेवर मागून डंपर हॉर्न मारतोय आणि आपण ऐंशीला पोचता पोचता दमलोय. आता आहे ते 1275 सीसीचं, एमजी मिजेट या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवालं. दोन्ही 'ए-सिरीज' या एकाच इंजिन-घराण्यातली, म्हणजे परका नाही, चुलतभाऊ आणलाय. त्यासाठी बॉडीला कुठे कटर लावला नाही. जोर वाढला म्हणून पुढचे सात इंची ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले. आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवून घेतला.

यात खोटं काही नाही. फक्त खरी गोष्ट यात नाही.

मूळ इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो मुख्य भाग, बोअरिंगला दिला होता, झिजलेले सिलिंडर आतून कापून थोडे मोठे करायला, मध्य मुंबईतल्या एका मशीन शॉपमध्ये. आधीच शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या साइझचे पिस्टन होते, आणखी बोअर मारायला जागा नव्हती. मिस्त्रींनी सिलिंडरमधून बोट फिरवलं, माझंही फिरवायला लावलं. वरच्या बाजूला नखाला लागेल एवढा काठ होता. म्हणाले, "ताई, चारही लायनर टाकून देतो. स्टँडर्ड पिस्टन बसतील. आठ दिवस." लायनर म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी. मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार कसला करायचा होता? घरी रोज रात्री मी 1275 चे फोटो बघत होते. लायनरला हो म्हटलं असतं तर पुन्हा तेच 37 घोडे. नाही म्हणायचं तर बाबांना सांगावं लागलं असतं. म्हणून फोनच केला नाही. जून गेला, गणपती गेले, दिवाळीही झाली. मिस्त्रींचे दोन फोन आले, मी मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं. त्यातल्या एका फोनच्या वेळी मी नुसती गॅलरीत बसले होते.

डिसेंबरात गेले तर शॉपची जागा बदललेली. नवी जागा शोधायला तासभर गेला. सामान हलवताना, ज्यांचं कोणी आलं नाही ते ब्लॉक भंगारात दिले होते. किलोवर. मिस्त्री बिचारे ओशाळले, पैसे देऊ लागले. मी तावातावाने चार शब्द बोलले. खाली उतरले आणि जाणवलं, मला हलकं वाटतंय. त्याची लाज अजून जात नाही.

बाबांना सांगितलं, ब्लॉकला तडा गेला होता.

गंमत बघा, 2009 मध्ये एका गृहस्थांनी अँबेसेडरमध्ये इसुझूचं डिझेल इंजिन टाकलं होतं. मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, "ही आता अँबेसेडर नाही, अँबेसेडरचा मुखवटा आहे." त्यांनी मला चहा पाजला. तेव्हाची मी आज भेटले तर काय सांगू? की बाई, गाडी चालवायची असते, पुजायची नाही? ती म्हणेल, मग फोन का नाही उचललास? याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि तरीही सांगते, लायनर टाकले असते तर गाडी आज कव्हरखाली असती. हेही खरंच आहे. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळायला लागला, पण इंजिनात बदल केलेला चालत नाही. गेला तो नंबर. जाऊ दे. त्या नंबरवर रोजच्या वापरासाठी गाडी काढताही येत नाही.

बाबांनी नव्या इंजिनावर ती एकदाच चालवली. हाजी अलीहून पेडर रोडला चढताना सवयीने त्यांचा हात दुसरा टाकायला गिअरवर गेला. गाडी चौथ्यातच आरामात चढत होती. हात गिअरवर तसाच राहिला, केम्प्स कॉर्नरपर्यंत. तडा कुठे गेला होता, ते त्यांनी कधीच विचारलं नाही.