साडेदहाला दिवा बंद

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या सार्वजनिक उद्यानात, जुलैमध्ये कुटुंबांसाठी 'मॉथ नाइट' असते: पांढऱ्या चादरीसमोर दिवा लावायचा आणि तिच्यावर येऊन बसणारे मॉथ, म्हणजे रात्री दिव्यावर येणारे पतंग, बघायचे. तिच्या सूचनापत्रकात अगदी खाली एक ओळ ठळक छापलेली आहे: दिवा साडेदहाला बंद होईल, वेळ वाढवून मिळणार नाही. मुलाबाळांना घेऊन लोक लांबून येतात, न्यू जर्सीत जुलैचा सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, नीट अंधार पडायला नऊ वाजतात, आणि कार्यक्रम रंगात येतो न येतो तोच दिवा बंद. पहिल्या वाचनात हा नियम सरकारी खाक्याचा वाटतो. कारण कळलं की लक्षात येतं, अख्खा कार्यक्रम याच ओळीभोवती बांधलाय. मुंबईत कुणाला सोसायटीत किंवा गच्चीवर पतंगांची रात्र करायची असेल, तर आखणी शेवटापासून करावी.

इथे लोक ज्याच्यासाठी जागतात तो लूना मॉथ: फिकट पोपटी रंग, मागच्या पंखांना लांब शेपट्या. कोषातून बाहेर पडल्यावर तो जेमतेम आठवडाभर जगतो. खाण्यापिण्याजोगं तोंड त्याला नसतं. सुरवंट असताना जमवलेल्या शिदोरीवरच ते दिवस निघतात. मादी एका जागी बसून गंध सोडते, नर पिसासारख्या मिशांनी तो हुंगत अंधारातून येतो, मग अंडी. एवढ्यासाठी हातात सात रात्री. त्यातली एक आपल्या चादरीला चिकटून गेली तर आयुष्याचा सातवा हिस्सा आपण खाल्ला. आणि पहाटेपर्यंत पतंग तिथेच राहिले तर पक्ष्यांचं आयतं फावतं. दिवा कुठे लागतो हे पक्ष्यांना दोन-तीन दिवसांत कळतं. मुंबईत हेच काम दयाळ, बुलबुल आणि कोतवाल करतील. म्हणून एकाच जागी लागोपाठच्या रात्री दिवा लावत नाहीत.

दिवा बंद करण्याचीही रीत आहे, आणि ती कुठेच घाईत उरकत नाहीत. दहा मिनिटं आधी सगळ्यांना चार पावलं मागे घेतात. मागे सरकण्याआधी प्रत्येकाने आपल्या पायाखाली बघायचं, कारण खाली उतरलेले पतंग चपलेखाली मरतात. मग पांढरा दिवा बंद आणि लाल जिलेटीन पेपर लावलेली एकच बॅटरी चालू. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं काहीही करायचं नाही. बरेचसे पतंग पंख थरथरवून अंग गरम करतात आणि आपले आपण जातात. जे राहतात त्यांच्या समोर कागदी पेला धरायचा, मागून चादरीला हलकी टिचकी मारायची, पतंग पेल्यात येतो; तो जवळच्या झुडपात पानाच्या खालच्या बाजूला सोडायचा. शेवटी चादर झुडपावर हळूच झटकायची, शिवण आणि चुण्या तपासायच्या, मग घडी. मुलांना हाच भाग सगळ्यात आवडतो. पेला प्रत्येकाच्या हातात येतो ना.

आता आपल्याकडची बाजू. 'नॅशनल मॉथ वीक' हा पतंग बघण्याचा आठवडा न्यू जर्सीतल्याच ईस्ट ब्रन्सविक गावातल्या स्वयंसेवकांनी २०१२ साली सुरू केला. जुलैच्या उत्तरार्धात येणारा हा आठवडा आज भारतातही पाळतात. याचं कौतुक आहेच. पण इथे ज्या लूनासाठी एवढी धावपळ, त्याचा सख्खा चुलतभाऊ, त्याच वंशातला चांद्रपतंग, आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. इथला पॉलिफेमस नावाचा पतंग आणि आपल्या विदर्भात ज्याच्या कोषांपासून टसर निघतं तो पतंग, दोघे एकाच वंशातले. आणि ॲटलास? पाव मीटरच्या आसपास पंखविस्तार, पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडाचा भास. तो पावसाळ्यात बोरिवलीत दिसतो, न्यू जर्सीत जन्मभर जागलात तरी दिसणार नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, म्हणजे न्यूयॉर्कचे जवळपास तीस सेंट्रल पार्क, लोकलच्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. इथले लोक निसर्गप्रेमी आणि आपण उदासीन, ही तुलना म्हणूनच पटत नाही. इथे उद्यानाकडे पगारी निसर्गशिक्षक असतो, नोंदणीची यादी असते, पावसासाठी पर्यायी तारीख आधीच छापलेली असते. फरक व्यवस्थेचा आहे. आपल्याकडेही गोरेगावच्या फिल्मसिटीत बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, मिठीकाठी कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं माहीमचं निसर्ग उद्यान आहे, आणि तिथे दिवसा मुलांना घेऊन जाता येतं.

रात्रीचं मात्र वेगळं. इथलीही बहुतेक उद्यानं सूर्यास्ताला बंद होतात, मॉथ नाइट हा परवानगीचा अपवाद. बोरिवलीत बिबटे आहेत, तिथे परवानगीशिवाय रात्री जाणं नको. पण पतंगांना जंगल लागतच नाही. करंज, जांभूळ, कढीपत्ता, तगर असलेलं कुठलंही कंपाउंड पुरतं. कण्हेर-तगरीची पानं खाणारा हिरवा-गुलाबी हॉक मॉथ मुलुंड-ठाण्याच्या बाल्कनीत येतो, फक्त कुणी बघत नाही. शिवाय मुंबईला एक मोठा फायदा आहे: जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो. पावणेआठला दिवा लावला की साडेनऊला बंद करता येतो, दुसऱ्या दिवशी शाळा असली तरी चालतं. इथे मुलं अकरापर्यंत पेंगत बसतात.

रात्र निवडताना चंद्र बघा. पौर्णिमेच्या आसपास पतंग कमी येतात. ढगाळ, उबदार, दमट, वारा पडलेली रात्र सगळ्यात चांगली. आपल्याकडे दीप अमावास्या आषाढाच्या शेवटी, नेमकी याच सुमाराला येते. २०२५ साली तर ती २४ जुलैला, मॉथ वीकच्या आतच आली होती. घरातले दिवे घासून पुसून मांडायचे त्या संध्याकाळी एक दिवा पतंगांसाठी लावणं फार सुरेख जुळतं.

कापड सुती पांढरं हवं: तीन मीटर मांजरपाट किंवा जुनं धोतर. टेरिकॉटवर पायांची पकड बसत नाही, पतंग घसरून खाली पडतात. दोन खांबांमध्ये दोरी ताणा, कपड्यांच्या चिमट्यांनी कापड लावा आणि खालचं दोन फूट जमिनीवर पुढे पसरा, कारण निम्मे पाहुणे खालीच उतरतात. कडांवर दगड ठेवा. वारा आला की कापडाचं शीड होतं. पावसाची शाश्वती नसल्यामुळे गच्चीपेक्षा पोडियमच्या कडेला किंवा स्टिल्ट पार्किंगच्या झाडांकडच्या तोंडाशी लावलेलं बरं, म्हणजे डोक्यावर छप्पर आणि समोर हिरवळ.

दिवा कापडासमोर फूटभरावर, मधल्या उंचीवर टांगायचा. जमिनीवर ठेवून वर तोंड करू नका. त्याचं कारण अलीकडेच नीट कळलंय. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार उडणारे किडे आपली पाठ उजेडाच्या दिशेला ठेवू पाहतात. उजेड म्हणजे आकाश, ही त्यांची कोट्यवधी वर्षांची खूण. त्यामुळे दिव्याजवळ आल्यावर ते त्याच्याकडे पाठ करत घिरट्या घालत अडकतात आणि उजेड खालून आला तर चक्क उलटे होऊन आपटतात. दिव्याच्या ओढीने जीव देणारा पतंग कवितेपुरताच म्हणायचा.

इथे १६० वॉटचा मर्क्युरी व्हेपर बल्ब वापरतात. तो भट्टीसारखा तापतो, वर पावसाचा थेंब पडला तर काच तडकते, आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. घरगुती कार्यक्रमासाठी २३ वॉटचा जुना पांढरा सीएफएल पुरतो, त्यात थोडे अतिनील किरण असतात. पांढरा एलईडीही चालेल. पिवळसर वॉर्म एलईडीवर फारसं कुणी येत नाही. म्हणूनच एरवी गच्चीवर तोच लावावा. एक्स्टेंशन बोर्ड विटेवर उचलून ठेवा, वरून प्लॅस्टिक, आणि ईएलसीबी (वीज गळली तर लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या प्लगवरून ओल्या जागी वायर ओढू नका. सेक्रेटरींना आधी विचारून कंपाउंडचे हॅलोजन दोन तास बंद ठेवता आले तर पतंगांची संख्या लगेच वाढते. शेजारच्या खिडकीत उजेड जाणार नाही असं कापडाचं तोंड वळवा.

आमिषाचा प्रकारही इथे करतात. दोन काळी पडलेली केळी, पाव किलो गूळ, थोडं पाणी आणि चिमूटभर यीस्ट कालवून एक दिवस आंबवायचं, झाकण सैल ठेवायचं. घट्ट लावलं तर वायू साठून बरणी फुटते. तिन्हीसांजेला ब्रशने झाडाच्या खोडावर छातीच्या उंचीवर वीतभर पट्टा ओढायचा. मुंबईच्या पावसात ते धुऊन जातं आणि आधी मुंगळे पोचतात, तेव्हा सुती दोरी त्यात भिजवून आडोशाला टांगलेली जास्त टिकते. ॲटलास आणि चांद्रपतंग यावर कधीच येणार नाहीत, त्यांना खायचंच नसतं.

मुलांना काम द्या, नुसतं बघायला सांगू नका. दर पंधरा मिनिटांनी कापडावरचे पतंग मोजायचे, एकाच्या मिशा वहीत काढायच्या. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. एकदा काढली की मूल विसरत नाही. हात लावायचा नाही, पंखांवरचे खवले बोटाला येतात. आपण होऊन हातावर बसला तर बसू द्या, पण मग हाताला डासांचं मलम नको. डेंग्यूच्या दिवसांत मलम लावल्याशिवाय राहू नका, म्हणून पूर्ण बाह्या, लांब पँट, आणि मलम फक्त मानेला व पायांना.

इथे कार्यक्रमानंतर घरी जाऊन अंगावर गोचीड शोधावी लागते, कारण हरणांवरच्या गोचिडीपासून लाइम रोग होतो. आपल्याकडे वेगळे पाहुणे आहेत. नारिंगी-काळा, मुंगीएवढा लांबट भुंगा दिव्यावर येतो. मानेवर बसला की लोक सवयीने चिरडतात आणि दुसऱ्या दिवशी कातडीवर भाजल्यासारखा पट्टा उठतो. त्याला फुंकर मारून उडवायचं. चिरडला गेलाच तर साबणाने लगेच धुवायचं. पाणढेकूण येतो, बोटभर लांब, जोरात चावतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. खाली बेडूक जमतात, बेडकामागून साप येऊ शकतो, म्हणून चपला नकोत, बूट घाला आणि आधी बॅटरीने गवत बघून घ्या.

फोटो फोनवर पुरेसा येतो: फ्लॅश बंद, वरून एक, बाजूने एक, शेजारी पट्टी. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला की ओळख पटवणारे लोक भेटतात.

पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं आली की आपल्या घरांत ट्यूब बंद करून पाण्याची परात आणि मेणबत्ती मांडायची पद्धत आहे. उजेड किती ताकदवान आहे हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणूनच हल्ली रस्त्यावरच्या झाडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या बघवत नाहीत. त्यांना साडेदहाची वेळ नाही. इथल्या मॉलच्या पार्किंगलाही नाही, तेही सांगितलं पाहिजे.

गच्चीवर केलंत तर एवढं करा: दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत एकदा वर जाऊन जिन्याच्या दिव्याखालची भिंत बघा. कापडावरून सुटलेले दोन-चार पतंग तिथे बसलेले असतात, आणि बुलबुल सहाच्या आत येतात. पेला आणि एक जाड कागद बरोबर न्या.