नियमाने की स्वविवेकाने?
भाव ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने ठरलेल्या नियमांनी सौदे करण्याच्या, म्हणजे कलानुसारी पद्धतीत भाव पुढे कुठे जाईल याचे भाकीत करायचे नसते, हेच मला तिचे मोठे बळ वाटते. १९८३ साली अमेरिकी वायदे-व्यापारी रिचर्ड डेनिस यांनी नवख्यांना शिकवलेल्या नियमांपैकी एक असा: भावाने मागील २० दिवसांचा उच्चांक ओलांडला की खरेदी करायची आणि १० दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर पडायचे. यात बहुतेक सौदे लहान तोट्यात जातात आणि मोजक्या मोठ्या सौद्यांवर सारी भिस्त असते. त्यामुळे एकही संकेत गाळून चालत नाही, आणि सलग तोट्यांनंतर नेमके हेच माणसाला जड जाते. स्वविवेकाने गुंतवणूक करणारा ताळेबंद वाचून, व्यवस्थापनाला जोखून निर्णय घेतो. मात्र त्याला मिळालेल्या यशात कौशल्य किती आणि योगायोग किती, हे ठरवणे कठीण, कारण नियम जुन्या भावांवर पडताळता येतात, तसा त्याचा विवेक पडताळता येत नाही.