इंजिन चालू, व्होल्टेज शून्य

गेल्या जूनमधली गोष्ट, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. मी जनरेटर सर्व्हिसिंग करतो. कोकणातल्या एका छोट्या हॉस्पिटलचा 62.5 केव्हीएचा डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, इंजिन 1500 आरपीएमवर मस्त चालतंय पण व्होल्टमीटरचा काटा हलत नाही. लाइनवर झाड पडलेलं, रात्रीपासून लाइट नाही, लेबर रूम इन्व्हर्टरवर. आधीच्या मेकॅनिकने एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं कार्ड, बदललं, तरी चालेना म्हणून परत दुसरा टाकला, आणि मग सांगितलं अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, जळालाय, रिवाइंडिंगला (आतल्या तारा नव्याने गुंडाळायला) पाठवा. न मोजता रिवाइंडिंग सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

मी आधी मेगर मारला, म्हणजे तारांचं इन्सुलेशन मोजलं, वाइंडिंग ठणठणीत. एक्सायटरच्या एसीचा डीसी करणारे फिरते डायोड एकेक चेक केले, चांगले. एक्सायटर फील्ड 19 ओम, तेही बरोबर. मग जळालंय काय?

लोकांना वाटतं डिझेल जाळलं की करंट आला. इंजिन फक्त रोटर, म्हणजे आतला चुंबकाचा भाग, फिरवतं. तारेभोवतीचं चुंबकत्व बदलत राहिलं तरच तारेत व्होल्टेज येतं, फॅराडेने 1831 मध्ये दाखवलं तेच. चार पोलचा रोटर, एका फेऱ्यात दोन सायकल, म्हणून 1500 ला 50 हर्ट्झ. पण हा रोटर काही कायमचा लोहचुंबक नाही, त्याला डीसी लागतो, तो देतो एक्सायटर, म्हणजे त्याच शाफ्टवरचा छोटा जनरेटर, एक्सायटरला देतो एव्हीआर, आणि या सेटमध्ये एव्हीआर घेतो मशीनच्याच आउटपुटमधून! मग सुरुवात कुठून होणार? लोखंडात मागच्या वेळचं जे थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं त्यातून, आम्ही त्याला रेसिड्युअल म्हणतो.

एव्हीआर सोडवून सेट चालवला तर दोन फेजमध्ये 6 व्होल्ट मिळाले. एव्हीआर जोडला की ते वाढायच्या ऐवजी 2 वर उतरले. तिथेच लक्षात आलं की एव्हीआरचा करंट रेसिड्युअलला मदत करत नाहीये, उलट त्याला मारतोय. वॉर्डबॉयदादांनी नवीन एव्हीआर मागवण्यासाठी जुन्याचा फोटो काढून ठेवला होता, त्यात लाल वायर एफ-वनला, आणि आता होती एफ-टूला, म्हणजे एक्सायटर फील्डची दोन टोकं उलटी. वायरीवर नंबरच्या फेरूलचा पत्ता नाही.

वायरी सरळ केल्या. रेसिड्युअल फारच कमकुवत झालेलं म्हणून सेट बंद करून, एव्हीआर सुटा ठेवून 12 व्होल्टची बॅटरी फील्डला लावली, प्लस एफ-वनला, दोनतीन सेकंदच. एव्हीआर जोडून सेट चालू केला आणि काटा सरळ 415 वर गेला. डॉक्टर मॅडम दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत, लेबर रूमकडे पळाल्या.

जुना एव्हीआर मी घरी आणला. परवा दुसऱ्या सेटवर लावून बघितला, लोडवर तासभर 415 धरून राहिला, म्हणजे तो खराब नव्हताच. मग अगदी पहिल्यांदा, कोणी वायरीला हात लावायच्या आधी, व्होल्टेज गेलं कशाने? सेट बरेच दिवस बंद होता म्हणतात, रेसिड्युअल तेव्हाच उतरलं असेल का एखादं कनेक्शन ढिलं होतं? पावसाची उघडीप मिळाली की टर्मिनल बॉक्स परत उघडून बघणारे.