आमची वाटचाल : काळी खिडकी आणि हिरवं बटण

देवगडात माझं आणि मावसभावाचं सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे. सुरुवात आंब्याच्या हिशेबापासून झाली. वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आली की हमाली, भाडं, कमिशन वजा करून बागायतदाराच्या नावावर किती जमा, एवढंच काम. एक खिडकी, चार रकाने, मोठं हिरवं बटण. पहिला हंगाम सुखाचा गेला.

दुसऱ्या वर्षी एका पॅकिंगवाल्यांनी विचारलं, "एप्रिलात रोज दीडशे पट्ट्या. दीडशे वेळा बटण दाबू? रात्री आपोआप होत नाय?" विंडोजच्या टास्क शेड्युलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीला, बटण दाबता येत नाही, त्याला कमांड, म्हणजे टाइप केलेला हुकूम लागतो. मी आठवडा मागितला. हंगाम गेला!

विंडोजवर प्रोग्राम बांधतानाच ठरवावं लागतं, तो कन्सोलचा, म्हणजे कमांड टाइप करून चालणारा, की खिडकीचा. कन्सोलचा केला, तर आयकॉनवर डबल-क्लिक करताच मागे काळी खिडकी उघडायची. एका काकांचा फोन आला, "काय तां काळा चमाकता? वायरस तर नाय मां?" खिडकीचा केला, तर कमांड दिल्याबरोबर प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची वाट बघणारी ओळ, परत यायचा आणि उत्तर कुठेच दिसायचं नाही. शेवटी एकाच नावाच्या दोन फायली केल्या, कन्सोलची डॉट कॉम, खिडकीची डॉट ईएक्सई. नुसतं नाव टाइप केलं की विंडोज आधी डॉट कॉम शोधतं. आयकॉन मात्र ईएक्सईला जोडलेला. युक्ती आमची नव्हे, मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम लिहायचा व्हिज्युअल स्टुडिओही हेच करतो.

खरं दुखणं वेगळंच होतं. सगळा हिशेब मी हिरव्या बटणाच्या कोडमध्येच कोंबला होता. एका रात्री एका पट्टीत भाव भरलेला नव्हता. प्रोग्रामने अदबीने संदेश दाखवला आणि कोणीतरी ओके दाबेल म्हणून सकाळपर्यंत वाट बघत बसला. लॉग-इन नसताना चालणाऱ्या कामाचा संदेश पडद्यावर दिसतही नाही! सकाळी एकही पट्टी तयार नाही, गाडीवाला दारात.

मग हिशेब बटणाच्या कोडमधून बाहेर काढला. तो आता कोणाला काही विचारत नाही, फक्त उत्तर किंवा चूक परत देतो. खिडकी ती चूक दाखवते. कमांड लाइन, म्हणजे रात्री कमांडने चालणारी वाट, ती लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फायलीत लिहून पुढच्या पट्टीकडे वळते आणि शेवटी एक्झिट कोड, म्हणजे काम कसं संपलं ते सांगणारा आकडा देते, सगळं ठीक असेल तर ०. जुन्या पट्ट्या दोन्ही वाटांनी चालवल्या, तर काहींत एकेक रुपयाचा फरक! रक्कम पूर्ण रुपयांत आणणं मात्र दोन्हीकडे वेगवेगळं राहिलं होतं: खिडकी ते ओळीओळीला करत होती, कमांड लाइन फक्त बेरजेला. हा रुपया शोधायला चार दिवस गेले, आणि भावाने ते अजून विसरू दिलेले नाहीत.

यंदा वेळ रात्री दोनची ठेवलीय. मध्येच लाइट गेली तर अर्ध्यावरून पुन्हा कसं सुरू करायचं, ते चाललंय. मे महिन्यात ती जातेच.