दोन तारखांची एक बेरीज

गेल्या वर्षी माझ्या भाचीने अमेरिकेतल्या महाविद्यालयांसाठी अर्ज भरले, तेव्हा आमच्या राजारामपुरीतल्या घरी सर्वांत जास्त वाद झाला तो एसएटी या तिकडच्या प्रवेशपरीक्षेचे गुण कसे पाठवायचे यावर. तिने ही परीक्षा दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा पहाटेच्याही आधी कोल्हापूर सोडून पुण्याचे केंद्र गाठले होते. ऑगस्टमध्ये तिला वाचन-लेखनात 640 आणि गणितात 770, म्हणजे एकूण 1410 गुण मिळाले. ऑक्टोबरमध्ये वाचन-लेखन 710 वर गेले, पण गणित 730 वर घसरले आणि बेरीज 1440 झाली. ऑगस्टचा निकाल कुणालाच दाखवायचा नाही, फक्त ऑक्टोबरचा पाठवायचा, असे तिने ठरवूनही टाकले होते.

तिचा हा विचार आपल्याकडच्या शिकवणुकीला धरूनच होता. कमी गुणांची गुणपत्रिका कपाटात तळाशी ठेवायची आणि जास्त गुणांची पुढे करायची, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. इथे मात्र तेच तिच्या तोट्याचे ठरणार होते. तिच्या यादीतली बहुतेक महाविद्यालये ‘सुपरस्कोर’ धरत होती. त्या पद्धतीत विद्यार्थ्याच्या सगळ्या प्रयत्नांमधून प्रत्येक विभागाचा सर्वोच्च गुण उचलून नवी बेरीज केली जाते. तिची ती बेरीज 710 आणि 770, म्हणजे 1480 होत होती. ऑगस्टचा निकाल लपवला असता, तर त्याच्यासोबत गणिताचे 770 सुद्धा कपाटाच्या तळाशी गेले असते.

यातली मेख अशी की एका तारखेचा एकच विभाग सुटा करून पाठवता येत नाही. कोणत्या तारखांचे निकाल पाठवायचे हे विद्यार्थी ठरवू शकतो, पण ज्या तारखेचा निकाल पाठवेल तो पूर्णच जातो, आणि एसएटीच्या बाबतीत निवडक बेरीज महाविद्यालय स्वतः करते. एसीटी ही दुसरी परीक्षा घेणारी संस्था मात्र असा जोडगुणांचा अहवाल स्वतःच देते. एसएटीच्या नोंदणीबरोबर चार महाविद्यालयांना मोफत अहवाल पाठवण्याची सोय असते, परंतु ती निकाल लागण्याआधीच वापरावी लागते, त्यामुळे आम्ही ती सोडून दिली. न पाहिलेले गुण परस्पर पाठवून द्यायला आमची छाती झाली नाही.

खरा आक्षेप घेतला तो दाजींनी. त्यांचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे आणि मापाच्या बाबतीत ते कुणाचे ऐकत नाहीत. ते म्हणाले, “एका शाफ्टचं माप मायक्रोमीटरनं दोनदा घेतलं आणि दोन्ही वेगळी आली, तर आम्ही सरासरी काढतो किंवा तिसऱ्यांदा मोजतो. मोठं माप तेवढं उचलून गिऱ्हाइकाला सांगितलं, तर माल परत येतो.” मला याचे उत्तर लगेच सुचले नाही, कारण गणिताच्या दृष्टीने ते बरोबरच बोलत होते. प्रत्येक मापात थोडी चूक असते. एसएटीच्या अहवालातही गुणांच्या शेजारी त्यांचा संभाव्य पल्ला दिलेला असतो. अनेक मापांतले नेहमी मोठेच निवडले, तर निवड वरच्या बाजूला झुकणारच, आणि दोन विभागांतून वेगवेगळे मोठे माप निवडले तर ती अधिकच झुकते. शिवाय संगणकावरच्या सध्याच्या परीक्षेत प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा गेला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे सुरुवातीच्या गडबडीची किंमत पुढेही मोजावी लागते.

तरीही मी महाविद्यालयांच्या बाजूने बोललो. आपल्याकडे जेईई मेन 2019 पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि गुणानुक्रमासाठी त्यांतला सर्वोत्तम एकूण गुण धरतात, पण एका सत्राचे भौतिकशास्त्र आणि दुसऱ्याचे गणित जोडत नाहीत. तिथे त्या गुणावर क्रमांक आणि क्रमांकावर जागा ठरते, तेव्हा तसे करणे योग्यच आहे. अमेरिकी महाविद्यालये गुणांच्या जोडीला शाळेतली चार वर्षे, शिफारसपत्रे आणि निबंधही पाहतात. त्यांना मुलाची कुवत कुठपर्यंत पोहोचते याचा अंदाज हवा असतो, आणि डोके दुखत असताना दिलेला पेपर तो अंदाज देत नाही. दाजींना हे अर्धेच पटले. त्यांचा दुसरा प्रश्न माझ्याकडून आजही सुटलेला नाही: ज्याला दुसऱ्यांदा शुल्क भरणे आणि पुण्याला जाणे परवडत नाही, त्याच्या पोराची बेरीज कोण करणार?

सगळीकडे नियम सारखे नाहीत, म्हणून प्रत्येक महाविद्यालयाचे प्रवेशाचे पान आम्ही वेगळे वाचले. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेने 2022 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली आणि ती संस्था प्रत्येक विभागाचा सर्वोच्च गुण विचारात घेते. जॉर्जटाउन विद्यापीठ सर्वच प्रयत्नांचे गुण मागते, तिथे लपवण्याचा प्रश्नच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशनिवडीत हे गुण पाहिलेच जात नाहीत. ‘कॉमन अॅप’ या अनेक महाविद्यालयांसाठीच्या सामाईक अर्जात तर प्रत्येक विभागाचा सर्वोच्च गुण आणि त्याची तारीखच विचारतात, आणि अनेक ठिकाणी तेवढ्यावर भागते. अधिकृत अहवाल प्रवेश नक्की झाल्यावर पाठवला तरी चालतो.

भाचीने अखेर दोन्ही तारखा लिहिल्या. आणखी चाळीस गुणांच्या आशेने डिसेंबरमध्ये तिसऱ्यांदा बसावे असे तिच्या मनात होते, पण तेव्हा निबंधाचे दोन मसुदे अपुरे होते आणि ते पूर्ण करणे अधिक गरजेचे आहे असे मी सांगितले. दाजींनी नेमके तेव्हा विचारले, “तिसऱ्यांदा मोजायला काय हरकत होती?”